आधी गाऊन दाखव

माझ्या क्लासच्या दारावर एक पाटी आहे. 'हार्मोनियम, तबला, बासरी, व्हायोलिन, सतार व कीबोर्ड शिकवले जाईल.' परभणीच्या ज्या पेंटरने ती रंगवली, त्याने काम संपल्यावर ब्रश पुसत विचारले होते, 'सर, खाली जागा उरलीय. अजून काही लिहू का?' सगळे हसले. मीही हसलो, पण मनात कुठेतरी ते लागले.

लागायला कारण होते. गंगाखेड तालुक्यात, गोदेच्या काठावर माझे गाव. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचे. तेव्हा दर एकादशीला मारुतीच्या पारावर भजन, वडिलांच्या मांडीवर पखवाज आणि माझ्याकडे पेटीचा भाता हलवायचे काम. भाता हलवता हलवता बोटे कधी पट्ट्यांवर गेली, कळलेच नाही. पुढे शिक्षणासाठी परभणीला आलो. एका गुरुजींकडे तबला धरला. लग्नसराईत बँडपथकात क्लॅरिनेट वाजवून खोलीचे भाडे काढले. बँडमधल्याच एकाने जुने व्हायोलिन स्वस्तात दिले. उरुसात कव्वाली ऐकायला जायचे, ती ऐकून रात्रभर झोप यायची नाही. असे जे समोर आले, ते घेत गेलो. भूक मोठी होती आणि ताट एका जागी नव्हते, एवढेच.

एकदा गावी गेलो असता वडिलांच्या जोडीचे एक म्हातारे पखवाजी म्हणाले, 'तू समदीच वाजवितोस म्हंजी येकबी धड येत नसंल तुला.' वडील काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले, याचेच मला जास्त वाईट वाटले. आणि खरे सांगायचे तर म्हाताऱ्याचे बोलणे निम्मे बरोबरच होते. मी मैफलीचा वादक झालो नाही, होणारही नव्हतो.

मग मला मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची गोष्ट वाचायला मिळाली. कुठे ते आणि कुठे मी! पण तहानेल्याला नदी केवढी मोठी आहे याच्याशी काय करायचे असते? ओंजळभर मिळाले तरी पुरे. खाँसाहेब लहानपणी बंगालमधल्या आपल्या गावातून पळून गेले, कलकत्त्यात थिएटरच्या वाद्यवृंदात वाजवू लागले, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटसारखी विलायती वाद्येही शिकले. पुढे रामपूरला वजीर खाँसाहेबांकडे शिष्यत्व मिळाले. मैहरच्या राजाकडे आल्यावर, 1918च्या सुमाराच्या साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून त्यांनी एक बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे 'नलतरंग' नावाचे वाद्य केले. बँडवाल्यांना नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे!

पण मला अडकवून ठेवले ते त्यांच्या शिष्यांच्या यादीने. मुलगा अली अकबर सरोद वाजवतो, रविशंकर आणि निखिल बॅनर्जी सतार, पन्नालाल घोष बासरी, मुलगी अन्नपूर्णादेवी सूरबहार. फुंकायचे, छेडायचे, सगळे एकाच माणसाकडून. हे व्हावे कसे? उत्तर मला मिळाले ते आपल्या मुंबईत. अन्नपूर्णादेवींनी मैफली कधीच सोडून दिल्या होत्या. 2018 साली गेल्या, तोवर कितीतरी वर्षे त्या आपल्या फ्लॅटमध्ये राहून फक्त शिकवत होत्या. बासरी त्या वाजवत नसत, तरी हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे बासरीच शिकले. त्या गाऊन सांगायच्या आणि शिष्याने ते आपापल्या वाद्यातून काढायचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये नाव मिळवलेल्या माणसाने बासरी उजवीकडून डावीकडे घेतली, नव्याने सुरुवात केली, ही गोष्ट तर आता सर्वांना ठाऊक आहे.

म्हणजे गुरूकडे वाद्ये अनेक असली तरी देण्याची वस्तू एकच. ती गळ्यात असते. हे मला वाचून कळले म्हणावे, तर तेही खरे नाही. कळले ते एका पोरामुळे, आणि फार उशिरा.

ही 1996ची हकीगत. त्या काळी माझा क्लास म्हणजे परीक्षांचा कारखाना होता. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, गाणे घराण्याच्या बंद दारातून वर्गात आणले. त्यांच्यामागे 1931 साली शिष्यांनी मंडळ स्थापन केले. त्या परीक्षा नसत्या तर आमच्या मराठवाड्यातल्या शेकडो मुलांच्या हाती पेटीच आली नसती. तेव्हा दोष परीक्षेचा नाही, माझा होता. प्रारंभिक झाली की प्रवेशिका, प्रवेशिका झाली की मध्यमा. रागाचे आरोह-अवरोह, पाच ताना, पाठ. मुलांना मी 'सा' पांढरी एकचा दिला आणि तो तिथेच खिळ्याने ठोकून ठेवला. सगळी बोटे तिथूनच चालायची. शिकवायला सोपे आणि निकालही छान.

त्यातला एक मुलगा फार चलाख. मध्यमेला पहिल्या श्रेणीत आला. त्याच्या गावी, म्हणजे वसमत तालुक्यात (वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते, 1999 साली हिंगोलीत गेले), सप्ताह होता. नेमके पेटीवाले बुवा आजारी पडले. वडिलांनी अभिमानाने पोराला पुढे बसवले. मी मांडवात होतो. कीर्तनकार महाराजांनी सूर लावला तो काळी पाचचा. पोराची बोटे पट्ट्यांवर नुसती फिरत राहिली. एक सूर इकडे, एक तिकडे. टाळकरी मागे वळून पाहू लागले. महाराजांनी काही न बोलता हाताने पेटी थांबवण्याची खूण केली, आणि अख्खे कीर्तन टाळ-मृदंगावर झाले. पोरगा बंद पेटीपुढे दोन तास मान खाली घालून बसला होता. उठून जायचीही सोय नव्हती.

त्यानंतर तो क्लासला आला नाही. मी घरी गेलो, तर आई म्हणाली, 'शेतात गेलाय.' दुसऱ्यांदाही शेतातच गेला होता. तिसऱ्यांदा मी गेलो नाही.

क्लासची रीत मग मी मुळापासून मोडली. आता पहिले तीन महिने वाद्याला हात नाही. गायचे आणि हाताने टाळी-खाली धरत मात्रा मोजायच्या. पट्टी रोज वेगळी. आज काळी दोन, उद्या पांढरी चार. बासरी शिकणाऱ्यानेही गायचे आणि तबल्याचे बोल पेटीवाल्यानेही म्हणायचे. मग कुणाच्या हातात काय द्यायचे ते मी ठरवत नाही, मूल ठरवते. एका मुलीला घरच्यांच्या आग्रहाने पेटी दिली होती. ती सारखी पेटीच्या झाकणावर बोटे वाजवायची. मी रागवायचो. मग एक दिवस तिच्यापुढे तबला सरकवला. पालकांची मात्र नाराजी असते. 'सर, तीन महिने फी भरली आणि घरी एक गाणं वाजवून दाखवत नाही!' काही जण मुलांना काढूनही नेतात. जिथे कीबोर्डवर महिन्याभरात सिनेमाचे गाणे बसवून देतात, तिथे जातात. जावोत. महिनाअखेरीला हिशेब करताना 'जावोत' म्हणणे जरा जड जाते, एवढेच.

गेल्या पावसाळ्यात एक माणूस आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दारात उभा राहिला. कपाळावरचे केस मागे गेलेले, पोट सुटलेले. मी ओळखले नाही. त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा बोटांवरून ओळखले.

'पेटी आणू का हिला, सर? चांगली घेऊन देतो.'

'बस,' मी म्हणालो. मुलीला जवळ बोलावले. 'तुला येतं ते काहीही गाऊन दाखव.'

ती बापाकडे पाहू लागली. तो चपला काढून दाराशीच बसला होता, आत यायला तयार नव्हता. मुलीने डोळे मिटून आजीकडून ऐकलेली एक गौळण सुरू केली. मी हळूच पेटीवर तिचा षड्ज शोधला. काळी पाच होती. मी त्याच्याकडे पाहिले. त्यालाही ती कळली होती.