पाणकावळ्याच्या उपजाती आणि पिसाऱ्याची साक्ष

एकाच जातीच्या पक्ष्यांत प्रदेशपरत्वे स्थिर स्वरूपाचे भेद आढळले, म्हणजे त्या गटांना उपजाती असे म्हणतात. हे भेद पिसाऱ्यावरून ठरविण्याची पक्षिशास्त्राची जुनी रीत आहे. ती कोठवर पुरी पडते, हे मोठ्या पाणकावळ्याच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

लिनीअसने १७५८ साली नाव दिलेल्या या जातीचा आफ्रिकेतील 'लुसिडस' हा प्रकार गळ्याच्या व छातीच्या पांढऱ्या रंगामुळे दुरूनही ओळखू येतो. कित्येक अभ्यासक तर त्यास स्वतंत्र जातीच मानतात. युरोपातील दोन उपजातींची गोष्ट मात्र निराळी आहे. 'कार्बो' ही मुख्यतः अटलांटिकच्या किनाऱ्यावरील कड्यांवर वीण करणारी. 'सायनेन्सिस' ही बहुधा गोड्या पाण्याजवळ, झाडांवर घरटी बांधणारी. भारतातील मोठा पाणकावळा हाही सायनेन्सिसच होय.

विणीच्या काळात सायनेन्सिसच्या डोक्यामानेवर बारीक पांढरी पिसे दाट उगवतात आणि अंगावर हिरवट झाक दिसते; कार्बोची झाक निळसर-जांभळी असते व पांढरी पिसे सामान्यतः विरळ असतात. परंतु ही पिसे वीण सरताच गळतात, वयोमानाप्रमाणे कमीजास्त होतात आणि काही कार्बो पक्ष्यांतही विपुल असतात. रंगाची झाक तर उन्हाच्या तिरिपेसरशी पालटते. आकाराचेही तसेच. कार्बो सरासरीने मोठा खरा. पण नर मादीहून मोठा असल्याने दोहोंची मापे एकमेकांत मिसळतात.

अधिक भरवशाची खूण पिसांत नसून पिसे जेथे संपतात तेथे आहे. घशाखालील उघड्या त्वचेची मागची कड जबड्याच्या रेषेशी जो कोन करते, तो कार्बोमध्ये अरुंद, तर सायनेन्सिसमध्ये रुंद असतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हा कोन ६५ अंशांपर्यंत असल्यास पक्षी कार्बो व ७३ अंश किंवा अधिक असल्यास सायनेन्सिस समजावा. मधल्या पक्ष्यांविषयी निर्णय देऊ नये. कोन मोजताना पक्षी अगदी बाजूने दिसला पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न केवळ नामकरणाचा नव्हे. युरोपीय समुदायाच्या १९७९ च्या पक्षिसंरक्षण निर्देशाच्या पहिल्या परिशिष्टात सायनेन्सिस उपजातीस विशेष संरक्षण होते. संख्या वाढल्यावर १९९७ साली तिचे नाव तेथून वगळण्यात आले. म्हणजे दोन दशकांच्या आसपास कायद्याने असा भेद गृहीत धरला होता, जो तळ्याकाठी उभ्या असलेल्या निरीक्षकास पुष्कळदा दिसतच नसे. त्यातच १९८१ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, ॲबर्टन जलाशयावर, पाणकावळे झाडांवर वीण करू लागले. पुढे आनुवंशिक तपासणीत अशा अंतर्भागातील वसाहतींत दोन्ही उपजातींचे पक्षी आढळले. तेव्हा स्थळावरून उपजातीचे अनुमान करणेही धोक्याचे ठरले.

बोलीभाषांच्या अभ्यासकास हा अनुभव परिचित आहे. एखाद्या शब्दाच्या उच्चारावरून बोलणाऱ्याची बोली निश्चित करता येत नाही. अनेक लक्षणे एकत्र जुळावी लागतात. गटांच्या सरासरीत दिसणारा भेद प्रत्येक व्यक्तीत दिसेलच, असे नाही. म्हणून नोंदवहीत 'उपजाती अनिश्चित' असे लिहिणे हे निरीक्षणातील न्यून नसून, पुराव्याच्या मर्यादेचे ते यथार्थ कथन होय.