स्विच्ड रिलक्टन्स चलित्र

विद्युत् चलित्राचा एक प्रकार. याच्या फिरत्या भागावर गुंडाळी नसते, कायमचा चुंबक नसतो आणि विद्युत् प्रवाह वाहून नेणारे ब्रशही नसतात. स्थिर भागावरील वेटोळ्यांना ठरावीक क्रमाने विद्युत् पुरवठा जोडला व तोडला की दातेरी लोखंडी घूर्णक त्यांच्याकडे ओढला जातो व फिरत राहतो. रिलक्टन्स म्हणजे चुंबकीय रोध. चुंबकीय स्रोताला वाट देताना पदार्थाकडून होणारा विरोध. लोखंडाचा रोध अल्प आणि हवेचा फार मोठा असतो. म्हणून चुंबकीय क्षेत्रात सापडलेला लोखंडाचा तुकडा रोध किमान होईल अशा स्थितीत येण्याची धडपड करतो. चुंबकाने खिळा ओढून घ्यावा, तोच हा व्यापार. फरक इतकाच की येथे खिळा चुंबकाजवळ पोहोचण्याच्या बेतात असतानाच तो चुंबक निष्प्रभ करून पुढचा चुंबक जागा करावयाचा असतो.

सर्व विद्युत् चलित्रांमध्ये याची धातूतील रचना बहुधा सर्वांत साधी आहे, आणि त्याला फिरविण्याची विद्या मात्र सर्वांत कठीण गटातली आहे. या चलित्राचा इतिहास, त्याचे गुण आणि त्याचा मर्यादित प्रसार या सर्वांचे मूळ या विषमतेत आहे.

इतिहास : स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे रॉबर्ट डेव्हिडसन यांनी इ. स. १८४२ मध्ये एडिंबरो–ग्लासगो लोहमार्गावर विद्युत् घटांवर चालणारे एंजिन चालवून दाखविले. त्याच्या आसांवरील लाकडी नळकांड्यांवर लोखंडी पट्ट्या बसविल्या होत्या व विद्युत् चुंबक त्यांना आळीपाळीने ओढीत. त्याचा वेग ताशी सु. ६ किमी. होता. तत्त्व आजचेच होते. पण चुंबक जोडण्या-तोडण्याचे काम यांत्रिक संपर्कांकडे होते. वेटोळ्यातील प्रवाह तोडला की त्यात साठलेली ऊर्जा ठिणगीच्या रूपाने बाहेर पडे आणि संपर्क जळत. शिवाय घटांतील जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडे. पुढे दिक्परिवर्तक असलेली एकदिश चलित्रे व त्यानंतर प्रवर्तन चलित्रे पुढे आली आणि डेव्हिडसन यांची कल्पना शंभरावर वर्षे बाजूस पडली.

मधल्या काळात काय घडले, ते कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरवरून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरही पाहता येते. मुंबईत पहिली विद्युत् गाडी १९२५ मध्ये धावली व १९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले. पुरवठा १,५०० व्होल्ट एकदिश होता आणि उपनगरी गाड्यांखाली ब्रश व दिक्परिवर्तक असलेली चलित्रे होती. ब्रश झिजणे, दिक्परिवर्तक घासून घेणे, पावसाळ्यात ओलावा शिरणे हा देखभालीचा नित्याचा भाग होता. मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्य उपनगरी मार्गाचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पुरवठ्यात रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या आगेमागे आलेल्या नव्या गाड्यांत अर्धसंवाहक स्विचांनी नियंत्रित होणारी त्रिकला प्रवर्तन चलित्रे आहेत. ज्या अर्धसंवाहक स्विचांनी ब्रशांची सुट्टी केली, त्यांनीच डेव्हिडसन यांच्या यंत्रालाही दुसरा जन्म दिला.

‘स्विच्ड रिलक्टन्स’ हे नाव एस्. ए. नासर यांच्या १९६९ मधील शोधनिबंधात आढळते. खरा पाया मात्र लीड्स विद्यापीठात पी. जे. लॉरेन्सन व जे. एम्. स्टीव्हन्सन आणि नॉटिंगहॅम येथे डब्ल्यू. एफ्. रे व आर्. एम्. डेव्हिस यांच्या गटांनी घातला. लॉरेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८० मधील निबंध या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. त्यातून निघालेली एस्आर् ड्राइव्ह्‌ज ही कंपनी १९९४ मध्ये एमर्सन इलेक्ट्रिकने घेतली. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील आर्. कृष्णन यांचा या विषयावरील ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडील अनेक अभियंते त्यावरूनच हा विषय शिकले आहेत.

रचना : स्थिर भाग व घूर्णक दोन्ही सिलिकॉन पोलादाचे पातळ पत्रे कापून, एकावर एक रचून केलेले असतात आणि दोहोंवरही पुढे आलेले ध्रुव असतात. स्थिर भागाच्या प्रत्येक ध्रुवावर एक वेटोळे असते व समोरासमोरच्या ध्रुवांवरील वेटोळी जोडून एक कला तयार होते. ध्रुवांची संख्या दोन्हीकडे मुद्दाम असमान ठेवतात : ६ व ४, ८ व ६, १२ व ८ इत्यादी. संख्या समान असती, तर सर्व ध्रुव एकदमच समोरासमोर येऊन घूर्णक तेथेच अडकून बसला असता.

६ व ४ ध्रुवांच्या चलित्रात तीन कला असतात. प्रत्येक कला जोडली की घूर्णक ३०° सरकतो. म्हणजे एका फेऱ्यात असे १२ टप्पे पडतात. स्थिर भागावरील एका ध्रुवापासून पुढचा ध्रुव ६०° वर असतो, घूर्णकाचे ध्रुव ९०° अंतरावर असतात. पहिली कला जुळलेली असताना दुसरीच्या सर्वांत जवळचा घूर्णक-ध्रुव तिच्या ३०° पुढे असतो व तो मागे ओढला जातो. परिणामी, कलांना ज्या दिशेने क्रमाने पुरवठा द्यावा, त्याच्या उलट दिशेने घूर्णक फिरतो. प्रथमच पाहणाऱ्याला याचे हमखास नवल वाटते.

घूर्णकास फिरविणारे परिबल, म्हणजे कारखान्यात ज्याला टॉर्क म्हणतात ते, पुढील संबंधाने मिळते : परिबल = ½ × प्रवाहाचा वर्ग × कोनानुसार प्रवर्तकतेत होणाऱ्या बदलाचा दर. ध्रुव समोरासमोर येत असताना वेटोळ्याची प्रवर्तकता वाढते, दूर जाताना घटते. या संबंधात प्रवाहाचा वर्ग असल्याने प्रवाहाच्या दिशेला महत्त्व राहत नाही. प्रवाह एकाच दिशेने द्यावा लागतो व स्विचांची जोडणी सोपी होते. परंतु प्रवर्तकता घटत असताना वेटोळ्यात प्रवाह शिल्लक राहिला, तर परिबल उलटे होते व चलित्र स्वतःलाच रोखू लागते. नियंत्रणाचा बहुतेक खटाटोप याच एका गोष्टीसाठी असतो.

हे समीकरण लोखंड संपृक्त होत नाही असे गृहीत धरते. तसे असते, तर प्रवाह स्थिर असताना पुरवठ्यातून घेतलेल्या ऊर्जेपैकी निम्मीच यांत्रिक कार्यात उतरली असती आणि निम्मी चुंबकीय क्षेत्रात साठून प्रत्येक टप्प्याला परत पाठवावी लागली असती. ध्रुव जुळण्याच्या स्थितीत लोखंड चांगलेच संपृक्त होईल अशी मापे ठेवली, तर साठणारा वाटा कमी होतो व सर्वसाधारणपणे ६० ते ६५ टक्के ऊर्जा कामी लागते. इतर यंत्रांत अभिकल्पक संपृक्तता टाळू पाहतो, येथे तो तिला आमंत्रण देतो. याची किंमत अशी, की प्रवाह, कोन व चुंबकीय स्रोत यांचा संबंध सोप्या सूत्रात बसत नाही. तो संगणकावर काढून किंवा प्रत्यक्ष मोजून कोष्टकरूपाने ठेवावा लागतो.

दोन्ही भागांमधील हवेची फट लहान चलित्रात मिलिमीटरचा तिसरा-चौथा हिस्सा इतकीच असते. दंड व धारवा किंचित जरी एककेंद्री नसतील, तरी एका बाजूची ओढ दुसरीहून जास्त होते. तेव्हा रचना साधी असली, तरी खराद्याचे काम साधे नाही.

नियंत्रण : प्रत्येक कलेचे वेटोळे दोन अर्धसंवाहक स्विचांच्या मध्ये बसविलेले असते आणि सोबत दोन द्विप्रस्थ असतात. दोन्ही स्विच जोडले की प्रवाह वाढतो. दोन्ही तोडले की साठलेली ऊर्जा द्विप्रस्थांमधून पुरवठ्याकडील धारित्रात परत जाते. डेव्हिडसन यांच्या संपर्कांना जाळणारी ठिणगी येथे अशी मार्गी लागते. दोन स्विच चुकून एकदम जोडले गेले तरी मध्ये वेटोळे असल्याने पुरवठा तत्काळ लघुमंडलित होत नाही. प्रवर्तन चलित्राच्या नेहमीच्या नियंत्रकात हे संरक्षण नसते. एक कला निकामी झाली तरी उरलेल्यांवर चलित्र कमी शक्तीने चालत राहते.

कमी वेगात प्रवाह ठरावीक मर्यादेत राखण्यासाठी स्विच वारंवार जोडले-तोडले जातात. वेग वाढला की विरोधी विद्युत् चालक प्रेरणा वाढते व प्रवाह चढावयास वेळच मिळत नाही; म्हणून ध्रुव जवळ येण्याच्या पुष्कळ आधी कला जोडावी लागते व जुळणीच्या पुष्कळ आधी तोडावी लागते. दर मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगास ३०° चा टप्पा सेकंदाच्या १,२०० व्या भागात संपतो आणि १° ची चूक म्हणजे सु. २८ मायक्रोसेकंदांची चूक होय. केव्हा जोडावे, केव्हा तोडावे आणि किती प्रवाह ठेवावा या तीन राशींचा मेळ वेग व भार यांप्रमाणे क्षणोक्षणी घालणे हे सूक्ष्मप्रक्रियकाचे काम आहे. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त होईपर्यंत हे चलित्र प्रयोगशाळेबाहेर फारसे पडले नाही, यात आश्चर्य नाही. जोडण्याची वेळ मुद्दाम उशिरा, प्रवर्तकता घटत असताना ठेवली, तर हेच यंत्र जनित्र बनते.

घूर्णक कोठे आहे हे कळल्याशिवाय यांपैकी काहीच शक्य नाही. पावली चलित्राशी याचे नाते जवळचे असले, तरी पावली चलित्र आज्ञेप्रमाणे आंधळेपणाने पाऊल टाकते. स्विच्ड रिलक्टन्स चलित्रात घूर्णकाची स्थिती पाहून आज्ञा दिली जाते. त्यासाठी दंडावर स्थितिसंवेदक बसवितात. रसायनांच्या वाफा, धूळ व उष्णता असेल तेथे चलित्राआधी हा संवेदकच मान टाकतो. म्हणून रिकाम्या कलेत सूक्ष्म स्पंद पाठवून तिच्या प्रवर्तकतेवरून स्थिती ओळखण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. त्या उपयुक्त आहेत. परंतु अगदी मंद वेगात व मोठ्या भाराखाली त्यांच्यावर भिस्त ठेवणे अजून सोपे नाही.

गोंगाट : हा या चलित्राचा सर्वांत कुप्रसिद्ध दोष होय. ध्रुव एकमेकांना फिरविण्यासाठी जितके ओढतात, त्याहून कितीतरी अधिक ते सरळ केंद्राकडे ओढतात. ६ व ४ ध्रुवांच्या यंत्रात समोरासमोरची दोन टोके एकदम आत ओढली जाऊन स्थिर भागाचे वर्तुळ लंबगोल होते व कला तोडताच ते झटक्याने सुटते. हे ठोके कवचाच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळले की अनुस्पंदन होऊन चलित्र किंचाळू लागते. १२ व ८ ध्रुवांची रचना, जाड पाठीचा स्थिर भाग आणि प्रवाह एकदम न तोडता दोन पायऱ्यांनी उतरविणे या उपायांनी आवाज पुष्कळ कमी होतो, नाहीसा होत नाही. घरगुती पंख्यासाठी हे चलित्र सुचविणाऱ्यांनी ते रात्री शांत खोलीत एकदा चालवून पाहावे.

उपयोग : जेथे आवाज आधीच मोठा आहे आणि वारंवार सुरू-बंद करणे, धक्के, उष्णता किंवा अतिवेग सोसावयाचा आहे, तेथे हे चलित्र शोभते. ल टर्नो कंपनीच्या खाणीतील अजस्र भारकांत ते वापरले गेले. वस्त्रोद्योगातील ठळक उदाहरण म्हणजे बेल्जियममधील पिकानॉल कंपनीच्या धोटाविरहित मागांतील ‘सुमो’ चलित्र. भिवंडीच्या पारंपरिक यंत्रमागाला प्रवर्तन चलित्र व पट्टा पुरतो. वेगवान मागाला मात्र धागा तुटताच थांबावे लागते व पुढच्याच फेऱ्यात पूर्ण वेग गाठावा लागतो. ‘सुमो’मुळे तेथे पट्टा, क्लच व गतिरोधक यांची गरज उरली नाही.

पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत बी. जी. फर्नांडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी खंडित घूर्णकाच्या प्रकारावर काम केले आहे. यात घूर्णक अखंड दातेरी नसून सुट्या लोखंडी खंडांचा असतो. चुंबकीय स्रोताची वाट आखूड होते व तेवढ्याच वजनात अधिक परिबल मिळते. चाकाला सरळ जोडावयाच्या चलित्रासाठी हा विचार महत्त्वाचा आहे.

चुंबकांचा प्रश्न : विजेवर चालणाऱ्या दुचाकींतील बहुतेक चलित्रांत निओडिमियमचे चुंबक असतात व उष्णता सोसण्यासाठी त्यांत डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृत्तिका मूलद्रव्ये व त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याची झळ पुण्याच्या बजाज ऑटोलाही बसली. त्या वर्षीच्या जुलैत चेतक स्कूटरचे उत्पादन घटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत सरकारने देशात असे चुंबक तयार करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या पार्श्वभूमीवर लोखंड व तांबे एवढ्यावरच चालणाऱ्या चलित्राकडे पुन्हा लक्ष गेले आहे. मात्र तेवढ्याच आकारात व वजनात चुंबकी चलित्राइतके परिबल आणि तितकीच कार्यक्षमता त्यातून सहसा मिळत नाही, हे विसरता कामा नये.

लघुउद्योग व दुरुस्ती : १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून वसलेले उल्हासनगर छोट्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक क्षेत्रांत रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने आहेत. अशा पट्ट्यात चलित्र जळणे ही रोजची बाब आणि ते पुन्हा भरून देणारा कारागीर ही रोजची गरज असते. प्रवर्तन चलित्र भरताना तार खाचांतून एकमेकींवरून ओवावी लागते व निरोधन कोठे दुखावले ते पुष्कळदा कळतही नाही. स्विच्ड रिलक्टन्स चलित्राचे वेटोळे साच्यावर गुंडाळून, व्हार्निश पाजून, सरळ ध्रुवावर सरकविता येते. कला एकमेकींना ओलांडत नाहीत. तांब्याचे काम म्हणून पाहिले, तर याहून सोपे चलित्र या कारागिराच्या हाती क्वचितच येईल.

अडचण त्यानंतर येते. भरलेले प्रवर्तन चलित्र तो तीन तारांना जोडतो, ते फिरते आणि गिऱ्हाईक समाधानाने घेऊन जाते. स्विच्ड रिलक्टन्स चलित्र सरळ वीजपुरवठ्यावर फिरतच नाही. बाजारात सहज मिळणारा प्रवर्तन चलित्राचा नियंत्रकही त्याला चालत नाही. कारण येथे तीन कलांच्या सहा तारा स्वतंत्रपणे बाहेर येतात व स्विचांची मांडणी वेगळी असते. मूळ नियंत्रक बिघडला, तर धडधाकट चलित्रही अडगळीत जाते. दुसऱ्या उत्पादकाचा नियंत्रक मिळाला तरी त्यातील कोष्टके त्या चलित्राच्या लोखंडाची नसतात. प्रवर्तन चलित्रांप्रमाणे यांची मापे व जोडण्या ठरवून देणारी सर्वमान्य मानके रुजलेली नाहीत. उत्पादकाने नियंत्रकासोबत किमान जोडणीचे कोन, प्रवाहमर्यादा व संवेदकाची मांडणी छापून दिली, तर भरलेले चलित्र स्थानिक कारागिराला आपल्याच बाकावर तपासून देता येईल.