पाणबुडी बुडते, मग ती नापास का नाही?

कानात इयरफोन घालून हार्बर लाईनच्या गर्दीत उभे असाल, तर एक युक्तिवाद ऐका.

"जे जहाज बुडतं ते निकामी. पाणबुडी बुडते. म्हणून पाणबुडी निकामी."

हे आमच्या माझगाव डॉकच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर बोलून बघा. लोक तुमच्याकडे बघून हसतील. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आयएनएस शल्की, याच डॉकमध्ये तयार झाली आणि ७ फेब्रुवारी १९९२ ला नौदलात दाखल झाली. पाण्याखाली जाणं हेच तिचं काम!

आता हसू का आलं ते बघू. 'बुडणं' हा शब्द पहिल्या वाक्यात अपघात होता, दुसऱ्या वाक्यात काम झाला. शब्द तोच, अर्थ गुपचूप बदलला. न्यायशास्त्रात याला 'वाक्छल' म्हणतात. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात याचं मस्त उदाहरण आहे. एक जण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्याकडे नवीन घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठेत, एकच तर दिसतेय! संस्कृतात 'नव' म्हणजे नवीन आणि नऊसुद्धा. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा पीजे आहे हा. आणि तो तर्कशास्त्राच्या पुस्तकात आहे बरं का.

यातून मी एक युक्ती उचललीय. कुणाचं बोलणं पटतंय पण कुठेतरी खटकतंय, असं झालं की त्या बोलण्याचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि विषय बदलायचा. नवीन वाक्य हास्यास्पद झालं, तर सांगाड्यातच घोळ असण्याची शक्यता जास्त.

करून बघू. फॅमिली ग्रुपवर काका लिहितात, "हा काढा तीन दिवस घेतला आणि सर्दी गेली." सांगाडा तोच ठेवा: "मी तीन दिवस लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलो आणि सर्दी गेली." हसलात ना? साधी सर्दी बऱ्याचदा आपली आपण जाते. आधी काय केलं होतं, त्याला श्रेय देऊन मोकळं व्हायचं, हे आपण सगळेच करतो. आपल्या आज्या यालाच म्हणायच्या, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण नीट ऐका हं, काढा निरुपयोगी आहे असं यातून सिद्ध होत नाही. काकांनी दिलेला पुरावा पुरेसा नाही, एवढंच कळतं.

इथपर्यंत गंमत. आता पैशांचं बोलू.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा आईच्या पाटल्या गहाण ठेवून ऑप्शन्स ट्रेडिंग करायला निघाला होता. कारण काय, तर ओळखीच्या तिघांनी त्यातून बाईक घेतली. मी त्याला म्हटलं, "अरे, लॉटरीच्या दुकानावर फक्त जिंकलेल्यांचे फोटो लावतात. ते बघून सगळेच जिंकतात म्हणायचं का?" तो हसला आणि मग गप्प झाला.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो आणि शीत आपण स्वतः उचलतो. इथे शितं स्वतःच उडी मारून आपल्या हातात येतात! जिंकलेला स्टेटस टाकतो, पेढे वाटतो. हरलेला नाक्यावर यायचं बंद करतो. मग पूर्ण पातेलं बघायचं कसं? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तेच दाखवलं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. व्यवहाराचा खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. पाटल्या अजून कपाटातच आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. विनोदानेही फसवता येतं. समोरच्याच्या बोलीवर, कपड्यांवर किंवा गावावर हशा मिळवला, तर त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही. तो तिथेच उभा असतो, फक्त आपलं लक्ष उडतं. म्हणून हसून झालं की स्वतःला विचारा: मी त्याच्या तर्काला हसलो की त्याला? दुसरं उत्तर आलं, तर त्याच्या मुद्द्याचं उत्तर आपण अजून द्यायचंय.

आज घरी जाऊन फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड उचला, विषय बदला आणि बघा काय होतं ते. भन्नाट काही सापडलं तर व्हॉइस नोट पाठवा. फक्त काकांना ग्रुपवर सगळ्यांसमोर चिडवू नका, त्यांना वेगळा मेसेज करा. भेटू पुढच्या भागात!