संबळ, गिटार आणि ‘तीन पैशाचा तमाशा’

इंग्लंडमधल्या ‘ट्रीज’ या बँडचे दोन अल्बम १९७० आणि १९७१ साली आले. जुनी इंग्रजी लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर गाणाऱ्या या पाच जणांना तेव्हा फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. त्याच सुमारास मुंबईतही रॉक वाजत होतं, पण इंग्रजीत. मराठी लोकसंगीत आणि रॉक यांची गाठ पडली ती बँडमध्ये नाही, रंगमंचावर. आणि ती तिथेच पडणं स्वाभाविक होतं, असं मला वाटतं.

नंदू भेंडे यांचीच वाटचाल पाहा. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा ‘वेल्वेट फॉग’ या मुंबईच्या बँडमध्ये गात असे. १९७४ साली अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्युडास रंगवला. पण हा आवाज मराठीत रुजला तो १९७८ साली, थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये. लेखन पु. लं.चं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. नंदू प्रमुख भूमिकेत, शिवाय भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या जोडीने संगीतातही.

नाटकच का? सिल्लोडकडे लग्नानंतर घातला जाणारा गोंधळ आठवा. संबळाच्या एका काठीचं टोक वाकडं असतं, तुणतुण्याला तार एकच. पण या वाद्यांवर सुटं गाणं क्वचितच होतं. नाईक कथा लावतो, जोडीदार मध्येच प्रश्न टाकतो, आणि त्या सवाल-जबाबातून पद उठतं. आपलं बरंचसं लोकगीत असं आख्यानाच्या पोटातलं आहे. तीन-चार मिनिटांचं गाणं कापून बँडच्या हाती दिलं, तर त्याचा अर्धा जीव मागेच राहतो.

कुणी म्हणेल, मूळ नाटक ब्रेख्तचं, मग त्यात आपलं काय? पण ब्रेख्तने १९२८ साली घेतलं ते जॉन गेचं १७२८चं ‘द बेगर्स ऑपेरा’, आणि गेने त्यात लोकांच्या तोंडी असलेल्या चाली भरल्या होत्या. ज्याने त्याने आपल्या मुलखाचं गाणं ओतावं, असाच हा साचा आहे.

एका नाटकाने परंपरा होत नाही, हा आक्षेप जास्त वजनदार. तरी लोकचाली आणि भरगच्च आधुनिक वाद्यमेळ यांचा संगम अजय-अतुल यांनी पुढे खेड्यापाड्यांत पोहोचवला, तो ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’मधून. दोन्ही चित्रपट, म्हणजे गाणं पुन्हा कथेच्याच आधाराने आलं.