वंशावळीत कोण सापडत नाही?

मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख खोल्या एकदम बातम्यांत आल्या. ऑक्टोबरअखेर सरकारनं दिलेला पहिला हिशेब असा होता : तपासलेल्या नोंदी सुमारे पावणेदोन कोटी, त्यांत कुणबी म्हणून सापडलेल्या ११,५३०. या आकड्यांवरून जे राजकारण व्हायचं ते झालं, अजून होतंय. शोधाची रीत म्हणून पाहिलं, तर यंत्रणा एक शब्द शोधत होती. पान उलटायचं, शब्द दिसला की ते बाजूला काढायचं. अख्खा विभाग समोर असल्यावर सरकारला दुसरं काय जमणार? पण नांदेड जिल्ह्यातल्या उमरी, भोकर, धर्माबाद भागातल्या एखाद्या कुटुंबाला आपल्या खापरपणजोबांशी मतलब असतो, आणि एका माणसाचा माग काढायचा तर उलटीकडून निघणं शहाणपणाचं ठरतं. आधी घरातलं कोण कुठल्या बहीत सापडत नाही याची यादी करावी, मग कचेरीची पायरी चढावी.

ही यादी करण्यासाठी वंशावळीची सॉफ्टवेअर फार उपयोगी पडतात. आपल्याकडे ती बहुतेक लग्नाच्या वाढदिवसाला फ्रेम करून द्यायचं झाड काढायला वापरली जातात, हा त्यांचा सगळ्यात किरकोळ उपयोग. ब्रिटनमध्ये जनगणनेचे तक्ते शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी नावानिशी खुले होतात. १९२१ चे ब्रिटिश तक्ते आणि १९५० चे अमेरिकी तक्ते दोन्ही २०२२ मध्ये लोकांच्या हाती आले. तिथले हौशी वंशशोधक सॉफ्टवेअरला विचारतात : १९२१ साली हयात असलेला, पण त्या सालच्या जनगणनेची नोंद न जोडलेला माणूस कोण? भारतात असे तक्ते मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानं माणसामाणसाची माहिती गोपनीय ठेवली आहे, आणि हैदराबाद संस्थानात १८८१ पासून झालेल्या खानेसुमारीचे आपल्या हाती आहेत ते आकडे, नावं नव्हेत. अपवाद आहे १९५१ च्या नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा. ती त्या वर्षीच्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव, घरवार लिहिली गेली. शिंदे समितीनं तपासायच्या कागदांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४ आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा यांच्या बरोबरीनं तिचंही नाव आहे. तिच्यात जात मिळेलच असं नाही, प्रत्येक गावची बही शाबूत असेल असंही नाही. पण कुणाच्या घरात कोण, कुणाचा मुलगा कोण, हे एकदा पक्कं झालं की बाकीचे कागद त्याला जोडता येतात.

समजा, 'ग्रॅम्प्स'सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दीडशे माणसं भरली आहेत. नावं देवनागरीत चालतात. आता चाळणी लावायची : जन्म १९५१ पूर्वीचा, मृत्यू १९५१ नंतरचा किंवा अज्ञात, आणि १९५१ ची नोंद जोडलेली नाही. पडद्यावर वीस-पंचवीस नावं उरतील. खरं काम इथून सुरू होतं, कारण ही सगळी माणसं एकाच कारणानं हरवलेली नसतात. काहींची सालंच चुकलेली असतात. निजामी कागदावर फसली सन असतो. १३३० फसली म्हणजे १९२०-२१. तो जसाच्या तसा टंकला तर पणजोबा शिवरायांच्याही तीनशे वर्षं आधी जन्मतात, त्यामुळे 'जन्मसाल १४०० पेक्षा कमी' अशी दुसरी चाळणी लावली की ही चूक लगेच उघडी पडते. शक जास्त फसवा. पत्रिकेतला शके १८४२ इसवी सन समजून भरला तर डोळ्यांना काहीच खटकत नाही. माणूस ७८ वर्षं मागे सरकतो आणि आपणच त्याला १९५१ च्या यादीतून वगळतो, कारण त्याला तेव्हा हयात कोण मानेल? मुलाच्या जन्मावेळी बापाचं वय शंभराच्या घरात दाखवणारी माणसं वेगळी काढली, तरच ही चूक हाती लागते.

मग राहतात ती चुकीच्या जागी शोधलेली माणसं. निजामाच्या काळात उमरी हा तालुका नव्हता, त्यामुळे इथल्या गावांची जुनी दप्तरं आजच्या तालुक्याच्या नावानं मागून भागत नाही. मुधोळ १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होतं. भाषावार पुनर्रचनेत ते आदिलाबादला गेलं आणि आज तेलंगणात आहे. किनवट उलट आदिलाबादहून नांदेडला आलं. लातूरकरांचीही गत तीच : उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे तेव्हाचा तालुका आणि जिल्हा भरून ठेवावा. चाळणी जिल्ह्यानुसार लावली की कुठली नावं कुठल्या कचेरीत विचारायची ते आपोआप वेगळं होतं. बायकांच्या बाबतीत हे दुप्पट अवघड. लग्नात नाव बदललेली आजी माहेरच्या बहीत एका नावानं आणि सासरी दुसऱ्याच नावानं असते. विधवा होऊन माहेरी परतलेली आत्या तर दोन्हीकडे शोधावी लागते. दोन्ही नावं न भरता 'सापडली नाही' म्हणणं म्हणजे शोधलंच नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो : म्हातारी माणसं सात पिढ्या तोंडपाठ सांगतात, भाटांकडे आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे नामावळ्या आहेत, मग हा खटाटोप कशाला? नामावळी मोलाचीच. मात्र तिच्यात आलेली माणसं दिसतात, न आलेली दिसत नाहीत. तीर्थाला न गेलेला भाऊ तिथे नसणारच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रिकाम्या जागा अशा नेमक्या दाखवल्या, तर लोक त्या खोट्या कागदांनी भरतील. जुन्या दाखल्यांत वेगळ्या शाईनं शब्द घुसडल्याच्या तक्रारी आहेत, तेव्हा ही भीती हवेतली नव्हे. पण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नात्यापुढे आणि घटनेपुढे आधार लिहायची जागा असते, आणि 'आधार नसलेली नाती' हीही एक चाळणीच आहे. ती अर्जदारानं लावावी, तशीच तपासणाऱ्यानंही लावावी. सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं कुणबी दाखल्याच्या अर्जांची गावपातळीवरची चौकशी ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्याकडे दिली आहे. नुसतं प्रतिज्ञापत्र जोडलेली वंशावळ त्यांच्यापुढे ठेवली, तर मानायची की नाकारायची एवढंच त्यांच्या हातात राहतं. कुठली बही कोणत्या तारखेला, कोणत्या पानापर्यंत पाहिली आणि त्यात कोण मिळालं नाही हे लिहिलेली वंशावळ असेल, तर पुढचं पान त्यांना स्वतः उघडून बघता येतं.