पडद्यावरचे शेत

संगणकावर खेळावयाच्या खेळांत जीव जगविण्याचा एक प्रकार असतो. खेळाडू ओसाड प्रदेशात येतो. तेथे त्याला निवारा उभारावा लागतो व अन्न मिळवावे लागते. रानातील फळे संपली, की शेती केल्यावाचून गत्यंतर उरत नाही. या शेतीचे नियम खेळ रचणारालाच ठरवावे लागतात. ते कसे ठरवावेत, हे यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेताच्या आधारे पाहू.

पहिला नियम जमिनीचा व पाण्याचा. ‘माइनक्राफ्ट’ या प्रसिद्ध खेळात पाण्यापासून चार घरांच्या आत असलेली मशागतीची जमीन ओलसर राहते. नियम सोपा आहे. परंतु कोरडवाहू शेताला पाणी मिळते ते आकाशातून. यवतमाळकडील काळी जमीन ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन बनली आहे. ती ओल धरून ठेवते. वाळली, की तिला भेगा पडतात. उतारावरील मुरमाड जमीन मात्र लवकर कोरडी होते. म्हणून आपल्या खेळातील प्रत्येक घराला जमिनीची खोली आणि ओलाव्याचा साठा असे दोन आकडे द्यावेत. पावसाने साठा वाढेल. ऊन आणि पीक तो रोज थोडाथोडा उणा करतील.

दुसरा नियम काळाचा. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरून पावसाने ओढ दिली, तर कोंब करपतात आणि दुबार पेरणी करावी लागते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरावे, असे कृषी विभाग सांगतो. पण फार थांबले, तर हंगाम हातचा जातो. खेळाडूजवळ बियाणे मोजकेच द्यावे, म्हणजे हा पेच त्यालाही जाणवेल.

तिसरा नियम पिकांच्या सोबतीचा. विदर्भात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घेण्याची रीत आहे. तुरीची मुळे खोल जातात, आणि त्यांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. शिवाय कपाशीने दगा दिला, तरी घरात डाळ येते. यास्तव सर्व शेतात एकच पीक लावणाऱ्या खेळाडूला लाभ अधिक दाखवावा. पण धोकाही तितकाच मोठा ठेवावा.

चौथा नियम किडीचा. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीची मोठी हानी केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पिकावर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेव्हा कळ दाबताच कीड नाहीशी व्हावी, असा नियम खोटा ठरेल. वाऱ्याची दिशा न पाहता, तोंड न झाकता आणि हातमोजे न घालता फवारणी केली, तर खेळाडूची जीवनशक्ती घटली पाहिजे.

इतके नियम घातल्यावर खेळ अवघड होईल. तथापि तो अन्यायाचा होऊ नये. आभाळाची चिन्हे, मातीचा रंग, पानांवरील ठिपके यांतून खेळाडूला आधी सूचना मिळाली पाहिजे. पाहणे, थांबणे आणि वेळ साधणे हेच शेतकऱ्याचे खरे कौशल्य होय. खेळाडू हरला, तर नवा डाव मांडता येतो. शेतकऱ्याला मात्र पुढच्या मृगापर्यंत वाट पाहावी लागते, आणि मधले सारे वर्ष घर चालवावे लागते. हे अंतर ज्या खेळातून उमगेल, तो खेळ चांगला रचला गेला असे म्हणावे.