गैरसोयीचा गुन्हा

१८ नोव्हेंबर २०१२ हा रविवार होता. आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले होते आणि अंत्यदर्शनासाठी लोटलेला जनसागर सारा महाराष्ट्र घरोघरी पडद्यावर पाहत होता. मुंबई बंद होती, आसपासची गावेही बंद होती. अशा दिवशी पश्चिम रेल्वेवरच्या पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसे रोज जन्मतात, रोज जातात. आदर मनातून यायला हवा, तो सक्तीने मिळत नाही, मग हा बंद कशासाठी, असा त्यांचा आशय. तिच्या मैत्रिणीला ते पटले म्हणून तिने त्या मजकुराखालची ‘लाइक’ची कळ दाबली.

त्याच सुमारास जमावाने एकीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली. लिहिणारीलाही आणि कळ दाबणारीलाही! पारावर कुणी काही बोलले आणि शेजारच्याने मान डोलावली, तर मान डोलावणाऱ्यालाही आपण चौकीवर नेत नाही. प्रत्येकी पंधरा हजारांच्या जामिनावर दोघी सुटल्या. मग देशभर गदारोळ उठला, पोलीस अधीक्षक आणि निरीक्षक निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि यथावकाश गुन्हाही बंद झाला. पण ज्याच्या बळावर ही अटक होऊ शकली, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम जागच्या जागी होते.

हे कलम आले कुठून, ही कथा मोठी रंजक आहे. १९३५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने टपाल कायद्यात दुरुस्ती करून टेलिफोनवरून ‘घोर आक्षेपार्ह’, अश्लील किंवा धमकीवजा संदेश पाठवणे गुन्हा ठरवले. त्या काळी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमधल्या बाईंशी बोलायचे. फोनवरून थेट कुणाच्या तरी कानात शिव्या ओतणाऱ्यांसाठी ते शब्द योजले होते. तेच शब्द वर्षानुवर्षे एका कायद्यातून दुसऱ्यात उतरत गेले आणि तिथून आपल्याकडे आले. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, दोन्ही सभागृहांनी ही दुरुस्ती चर्चेविना मंजूर केली. २७ ऑक्टोबर २००९ पासून ती अमलात आली.

इकडे येताना शब्दांचे गाठोडे वाढलेही होते. घोर आक्षेपार्ह आणि धमकीवजा मजकूर तर होताच; शिवाय खोटी माहिती वारंवार पाठवून त्रास, गैरसोय, अडथळा, अपमान, द्वेष, दुर्भाव निर्माण करणे हाही गुन्हा झाला. ईमेलच्या बाबतीत तर मजकूर खोटा असण्याचीही अट नव्हती, त्रास देण्याचा किंवा गैरसोय करण्याचा हेतू पुरे! शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक. छापील मजकुराने कुणाची बदनामी झाली तर पोलीस थेट उचलून नेऊ शकत नव्हते. फिर्याद घेऊन न्यायालयात जावे लागे. तोच मजकूर संगणकावर उमटला की हवालदार दाराशी येऊ शकत होता.

आता ‘गैरसोय’ म्हणजे नेमके काय? सोसायटीच्या चेअरमनना पाण्याच्या टाकीबद्दल तिसऱ्यांदा लिहिले तर त्यांची गैरसोय होतेच. असा शब्द कायद्यात आला की त्याचा अर्थ संसदेत ठरत नाही आणि न्यायालयात तर फार उशिरा ठरतो. तो पहिल्यांदा ठरतो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, बाहेर शे-दोनशे लोक घोषणा देत उभे असताना. पालघरच्या अधिकाऱ्यांना दोष द्यायचा तो द्यावा, पण त्यांच्या हातात हे ढिले शब्द कुणी दिले, हेही विचारले पाहिजे.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला, तेव्हा कायद्यातल्या ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगितला: प्रेमाचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तिथे निदान राज्यकर्ते परके होते.

पालघरची बातमी वाचून दिल्लीतल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. श्रेया सिंघल तिचे नाव. इंग्लंडमध्ये खगोलभौतिकी शिकून ती नुकतीच परतली होती. खटला दोन वर्षांहून अधिक चालला. सरकारचे म्हणणे असे, की कलम थोडे मोघम असेल, पण आम्ही त्याचा गैरवापर होऊ देणार नाही. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी कलम रद्द केले, तेव्हा या हमीचा समाचार घेतला: सरकारे येतील आणि जातील, कलम मात्र तसेच राहील. मत मांडणे, त्याचा आग्रहाने पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतल्या फक्त तिसऱ्या पायरीवर कायद्याने हात घालावा, हे त्या निकालाचे सार. इंग्लंडमध्ये याच शब्दांवरून एकाच प्रकरणात खालच्या आणि वरच्या न्यायालयांनी अगदी उलट निष्कर्ष काढल्याचा दाखलाही त्यात आहे. कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशांचे जिथे एकमत होत नाही, तिथे सामान्य माणसाने कळ दाबण्यापूर्वी काय ओळखायचे? (त्याच निकालात संकेतस्थळे आणि मजकूर रोखण्याचा सरकारचा ६९अ कलमाखालचा अधिकार मात्र कायम राहिला, हे आनंदाच्या भरात अनेकांच्या लक्षात आले नाही.)

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढचा भाग माझ्या मते पहिल्यापेक्षा गंभीर आहे.

जुलै २०२१ मध्ये ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की मार्च २०२१ पर्यंतच्या माहितीनुसार अकरा राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत या कलमाखालचे ७४५ खटले चालू होते. कलम रद्द होऊन सहा वर्षे झाली होती! खंडपीठावर न्या. नरिमनच होते. त्यांना धक्का बसला. अ‍ॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी खुलासा केला, की कायद्याच्या पुस्तकात कलम अजून जसेच्या तसे छापलेले असते. ते रद्द झाल्याचे खाली बारीक अक्षरांत तळटीपेत असते. गुन्हा नोंदवणारा पोलीस वरचे कलम वाचतो, तळटीप वाचत नाही.

म्हणजे दिल्लीत रद्द झालेला कायदा तालुक्याच्या ठाण्यात जिवंतच होता. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाला आदेश द्यावा लागला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, नवे गुन्हे नोंदवू नयेत आणि हा कायदा छापताना ते रद्द झाल्याचे वाचकाला नीट कळेल असे छापावे. छपाईच्या सूचना सर्वोच्च न्यायालयाने द्याव्यात, ही काय वेळ!

ढिल्या शब्दांची हौस मात्र फिटलेली नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर ‘खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा’, हे सरकारचाच कक्ष ठरवणार होता. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासण्याचा हा प्रकार. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मतभेद झाले, मग तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. पटेल यांच्याशी सहमती दर्शवली आणि ती दुरुस्ती रद्द झाली. त्या निकालाची बातमी प्रत्येक टेबलापर्यंत कधी पोहोचेल, हे ६६अच्या अनुभवावरून ज्याने त्याने ताडावे.

पालघरच्या आधी सात महिने, एप्रिल २०१२ मध्ये, कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली होती. ममता बॅनर्जी यांच्यावरचे एक व्यंगचित्र त्यांनी आपल्या गृहसंस्थेच्या सभासदांना ईमेलने पाठवले होते. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ चित्रपटाचा धागा घेऊन कुणीतरी केलेली ती गंमत होती. त्यांच्याबरोबर संस्थेचे एक वृद्ध पदाधिकारीही पकडले गेले. पालघरचा गुन्हा बंद झाला, हा खटला मात्र चालतच राहिला. २०१५ मध्ये कलम रद्द झाले तरी तो चालला. २०२१ मध्ये भारतीय दंडविधानाखालची कलमे गळाली आणि शिल्लक राहिले ते नेमके ६६अ! जानेवारी २०२३ मध्ये अलिपूरच्या न्यायालयाने प्राध्यापकांना दोषमुक्त केले. त्यांचे वृद्ध शेजारी तोवर हयात नव्हते.